वाचकांचे प्रश्न : घरे दोन, शाळा एक

जून जवळ आला, की विभक्त झालेल्या पालकांच्या पत्रांतला सूर बदलतो. एरवी पत्रांत पोटगी, ताबा आणि नातेवाइकांची बोलणी असतात. या दिवसांत मात्र फी कोणी भरायची, शाळेची व्हॅन कोणत्या घरासमोर थांबणार, पालकसभेला कोणी जायचे, असे प्रश्न येऊ लागतात. वकिलांच्या कागदपत्रांत या प्रश्नांना फारशी जागा मिळत नाही, पण मुलाचा रोजचा दिवस त्यांच्याच उत्तरांवर चालतो. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. खालील सल्ला दोन्ही घरे मुलासाठी सुरक्षित आहेत, हे गृहीत धरून दिलेला आहे. जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत, तिथे आपसातल्या वेळापत्रकाच्या मागे लागू नये. अशा स्त्रियांनी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागावी; त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही तिथे मिळू शकतो.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून जूनमध्ये चौथीत जाईल. गेल्या दिवाळीपासून मी आणि माझे पती वेगळे राहतो. मी व मुलगी कर्वेनगरच्या जुन्याच घरात आहोत आणि शाळाही इथेच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पतींनी हिंजवडीच्या नोकरीसाठी सोयीचे म्हणून पिंपळे सौदागरला घर घेतले आहे. वर्ष पूर्ण झाले, की आम्ही परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करणार आहोत. त्यांचे म्हणणे असे, की मुलगी दोघांची आहे, तर एक आठवडा तिकडे आणि एक आठवडा इकडे अशी सरळ वाटणी व्हावी. जानेवारीपासून आम्ही तसे करून पाहिले. त्यांच्या आठवड्यात तिला शाळेत पोहोचायला अनेकदा उशीर होतो, वह्या एका घरी आणि ती दुसऱ्या घरी असे होते, आणि रविवारी दुपारपासून तिच्या पोटात दुखू लागते. शिवाय त्यांच्या चिपळूणजवळच्या गावी पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्याच सुमारास घटक चाचणी येते, त्यावरूनही आतापासून वाद आहे. मी अदलाबदलीला नाही म्हटले, तर बाप-लेकीच्या आड आले असे होईल का? आणि न्यायालय काय म्हणेल?
– एक आई, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात जी काळजी आहे, तिचे उत्तर आधी देते. आठवड्याच्या अदलाबदलीला नाही म्हणणे म्हणजे वडिलांना नाही म्हणणे नव्हे, मात्र त्या नकाराच्या जागी तुम्ही दुसरे काय देऊ करता, यावर ते अवलंबून आहे. नुसता नकार दिलात, तर तुमच्या पतींना तो आपल्याला दूर लोटल्यासारखाच वाटेल, आणि तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही. ते मुलीसाठी वेळ मागत आहेत. पुष्कळ पत्रांत याच्या नेमकी उलट तक्रार असते, हे लक्षात ठेवून त्यांच्याशी बोला.

आता अदलाबदलीविषयी. निम्मे-निम्मे दिवस ही मोठ्या माणसांना न्याय्य वाटणारी वाटणी आहे, कारण ती कॅलेंडरवर मोजता येते. मुलीच्या बाजूने मात्र वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात: ती किती वाजता उठते, शाळेत पोहोचेपर्यंत किती दमते, गृहपाठ कुठे आणि कोणासमोर करते, संध्याकाळी खेळायला मैत्रिणी आहेत की नाहीत. पिंपळे सौदागरहून औंध, विद्यापीठ चौक आणि सेनापती बापट रस्त्याने कर्वेनगरला सकाळच्या गर्दीत येणे मोठ्यांनाही नकोसे होते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. एका घरी मिळालेली ती झोप दुसऱ्या घरी रस्त्यावर खर्च होत असेल, तर दर दुसरा आठवडा तिच्यासाठी जड जाणारच. वडिलांचे घर शाळेपासून दहा-पंधरा मिनिटांवर असते, तर मी कदाचित वेगळे उत्तर दिले असते. पुढेमागे त्यांना कोथरूड-वारजे भागात येणे शक्य झाले, तर आठवड्यांची वाटणी पुन्हा विचारात घ्यावी, असे आताच लिहून ठेवा. म्हणजे आजचा नकार कायमचा आहे असे त्यांना वाटणार नाही.

तोवर मला पुढील रचना योग्य वाटते. शाळा चालू असताना सोमवार ते गुरुवार रात्री मुलीने कर्वेनगरलाच राहावे. एक आड एक आठवड्याला शुक्रवारी शाळा सुटताना वडिलांनी तिला शाळेतूनच घ्यावे आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडावे. याशिवाय दर आठवड्याला एक संध्याकाळ, समजा बुधवारची, वडिलांची असावी. त्या दिवशी त्यांनी कर्वेनगरला येऊन तिला शाळेतून घ्यावे, जवळपास कुठे खाऊ द्यावा, गृहपाठ करून घ्यावा आणि आठच्या आत घरी सोडावे. हिंजवडीहून दर बुधवारी लवकर निघणे सोपे नाही. तरीही ही बुधवारची संध्याकाळ मला शनिवार-रविवारपेक्षाही महत्त्वाची वाटते. वडील केवळ सुट्टीच्या दिवशी भेटू लागले, की हळूहळू त्यांच्या वाट्याला मॉल, पिझ्झा आणि बक्षिसे एवढेच उरते, आणि आईच्या वाट्याला पाढे, डबा आणि रागावणे. दोघांपैकी कोणाचेच पालकत्व असे अर्धवट राहू नये. तिचा भागाकार कुठे अडतो, हे वडिलांनाही ठाऊक असले पाहिजे.

दिवसांची जी तूट वडिलांच्या बाजूला राहते, ती सुट्ट्यांमध्ये भरून निघू शकते. राज्य मंडळाच्या शाळांना दिवाळीची आणि मे-जूनची मोठी सुट्टी असते. मे महिन्याच्या सुट्टीतला निम्म्याहून थोडा अधिक काळ वडिलांकडे जावा, असे तुम्हीच पुढे होऊन सुचवावे. दिवाळी मात्र दर वर्षी आलटूनपालटून घ्या, कारण पाडवा आणि भाऊबीज दोन्ही घरांत आहेत.

पोटदुखीकडे दुर्लक्ष करू नका. आधी तिला डॉक्टरांना दाखवा. मन दुखते म्हणूनच पोट दुखते, असे परस्पर ठरवून मोकळे होऊ नये. शारीरिक कारण सापडले नाही, तर रविवारच्या संध्याकाळी काय घडते ते पाहा. बहुतेक घरांत त्या वेळी मूल दारात दप्तर घेऊन उभे असते, आणि त्याच्या डोक्यावरून आईवडिलांचे थंड किंवा तापलेले बोलणे चाललेले असते. शाळेतूनच घेणे आणि शाळेतच सोडणे मी सुचवले, ते यासाठी. शाळेच्या फाटकात एक जण सोडतो, दुसरा संध्याकाळी घेतो. दोघांना एकाच वेळी पाहून कोणाकडे बघून हसावे, हा पेच मुलीला पडत नाही. सोमवारी सकाळचा लांबचा प्रवास तिला करावा लागेल हे खरे, पण पंधरा दिवसांतून एकदा तो सोसवेल. तरीही उशीर होतच राहिला, तर रविवारी दुपारी चार-पाच वाजता तिला पोहोचवावे, म्हणजे दप्तर भरायला आणि निवांत जेवायला वेळ मिळेल.

वह्या-पुस्तकांच्या गोंधळावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचा दुसरा संच वडिलांच्या घरी ठेवा. हीच पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवूनही घेता येतात. गणवेशाचा एक जोड, पीटीचे बूट, कंपासपेटी, रंगपेटी, पावसाळ्यात रेनकोट असे सारे तिकडेही असू द्या. दप्तरातून ये-जा करायची ती फक्त वह्या आणि शाळेची डायरी यांनी. दुसऱ्या घरी तिचा टूथब्रश आणि अभ्यासाची जागा कायमची असली, की ती तिथे पाहुणी राहत नाही.

गणपतीच्या वादात तुम्ही थोडे सैल व्हावे, असे मला वाटते. चौथीची घटक चाचणी ही मुलीच्या आयुष्यातली मोठी परीक्षा नाही; आजोबांच्या गावचा गणपती, आरत्या आणि चुलत भावंडे यांची किंमत तिच्यासाठी खूप अधिक आहे. शाळेचे वार्षिक नियोजन जूनमध्ये हाती पडले, की दोघांनी एकदा समोरासमोर बसावे, किंवा ते जमत नसेल तर फोनवर, आणि चाचण्या, सत्र परीक्षा, पालकसभा, स्नेहसंमेलन, सण असे सगळे एकाच दिनदर्शिकेवर मांडावे. चाचणी गणपतीच्या दिवसांतच आली, तर दीड-दोन दिवसांसाठी जाऊन येणे, किंवा अभ्यास सोबत नेऊन उरलेले दिवस राहणे, यांतले काय बरे ते तेव्हा ठरवता येईल. ठरवायची तारीख मात्र आताच ठरवा, म्हणजे आदल्या रात्री भांडण होणार नाही.

शाळेला कळवायला संकोचू नका. मुख्याध्यापकांना दोघांच्या सहीचे एक साधे पत्र द्या: दोघांचे पत्ते व फोन क्रमांक, दोघांनाही सूचना मिळाव्यात ही विनंती, आणि मुलीला शाळेतून कोण घेऊन जाऊ शकेल याची नावे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात दोघेही असू द्या. भांडणाचा तपशील शाळेला सांगण्याची गरज नाही. मुलीच्या तोंडून निरोप पाठवणे तर पूर्ण बंद करा. ‘बाबांना सांग फी भरायची राहिली आहे’ हे वाक्य तुम्हाला साधे वाटेल, पण ते पोहोचवताना नऊ वर्षांच्या मुलीला बाबांचा चेहरा उतरलेला पाहावा लागतो आणि परत येऊन त्यांचे उत्तरही तुम्हाला सांगावे लागते.

आता न्यायालयाविषयी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार अज्ञान मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार आहे, आणि मुले म्हणजे आईवडिलांच्या मालकीची वस्तू किंवा त्यांचे खेळणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच एका प्रसिद्ध निकालात सांगितले आहे. त्यामुळे दिवस निम्मे झाले की नाही यापेक्षा शाळा, प्रवास आणि मुलीची घडी यांचा विचार न्यायालय करील. तुम्ही परस्परसंमतीने अर्ज करणार आहात, तर वर सुचवलेल्यापैकी जे दोघांना मान्य असेल ते संमतीच्या अटींमध्ये तपशिलाने लिहा. ‘वडिलांना भेटण्याचा हक्क राहील’ एवढ्या एका ओळीवर सोडू नका, कारण पुढचे निम्मे वाद त्या एका ओळीतूनच उगवतात. फीविषयीही लिहा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, पण आई पुरेशी मिळवती असेल तर तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घेता येईल. फी, पुस्तके, शिकवणी, सहल यांची आकडेवारी मांडून प्रमाण ठरवा. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. मसुदा अडला, तर त्यांच्यासमोर बसून तो पुरा करता येतो.

आणि हे सारे फक्त चौथीपुरते लिहा. पाचवीत शाळा बहुधा सकाळच्या सत्रात जाईल, वेळा बदलतील, मुलगीही बदललेली असेल. ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थितीनुसार बदलून घेता येतात, मग आपसातले वेळापत्रक दर मे महिन्यात नव्याने पाहायला काहीच हरकत नसावी.

प्रश्न : मी कल्याणला राहतो. मुलगा आईजवळ नाशिकला असतो आणि यंदा दहावीत जात आहे. न्यायालयाच्या आदेशानुसार मी दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी त्याला भेटतो. आता त्याच्या आईने कळवले आहे, की क्लासच्या वेळा पाहता मार्चपर्यंत भेटी बंद ठेवाव्यात. शाळेत प्रगतिपुस्तक पाहायला गेलो, तर ‘आईंची परवानगी आणा’ असे सांगण्यात आले. आदेशभंगाचा अर्ज करावा का?
– एक वडील, कल्याण

उत्तर : दहावी आहे म्हणून वडील वर्षभर दिसू नयेत, हे मला मान्य नाही, आणि न्यायालयाचा आदेश कोणा एकाच्या कळवण्याने बदलतही नाही. तरीही अर्ज हे तुमचे पहिले पाऊल नसावे. दहावीच्या वर्षात आईवडील पुन्हा न्यायालयात उभे राहिले, तर त्याचा भार सर्वांत आधी मुलावर पडेल.

त्याच्या आईला लेखी कळवा, की भेटी बंद करायला तुमची संमती नाही, मात्र त्यांचे स्वरूप अभ्यासाला धरून बदलायला तुम्ही तयार आहात. शनिवारी क्लास असेल, तर त्याला क्लासला तुम्ही सोडा, सुटल्यावर घ्या, सोबत जेवा, आणि जेवणानंतर तो गणिते सोडवत असताना शेजारी शांत बसा. जी भेट त्याच्या अभ्यासाचा वेळ खात नाही, ती नाकारायला कारण उरत नाही. सराव परीक्षेच्या आठवड्यातली भेट पुढच्या शनिवारी घेण्याचा पर्यायही तुम्हीच द्या. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे. रात्रीच्या जेवणानंतरची एक ठरलेली वेळ मागून घ्या, आणि त्या फोनवर गुणांची चौकशी रोज करू नका.

मुलाचेही ऐका. तो पंधराचा आहे. आपले मत समजून मांडण्याइतक्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, अशी तरतूद १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातही आहे. भेटी कमी व्हाव्यात असे त्यालाच वाटत असेल, तर ते दुखावणारे असले तरी ‘आईने शिकवले का?’ असे त्याला विचारू नका. असे विचारल्यावर खरे काय ते तो पुन्हा तुम्हाला सांगणार नाही.

शाळेच्या बाबतीत तुम्ही योग्य जागी आहात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडा, आणि प्रगतिपुस्तकाची प्रत व पालकसभेची सूचना मागा. तुम्हाला माहिती देऊ नये असा आदेश नसताना वडिलांना मुलाची प्रगती कळू न देण्याचे कारण शाळेकडे नसते. हे सगळे सौम्यपणे करूनही दिवाळीपर्यंत भेटी बंदच राहिल्या, तर मात्र ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच अर्ज करा, आणि शिक्षेऐवजी दहावीपुरते सुधारित वेळापत्रक मागा.

प्रश्न : मी सांगलीत प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील दुसरीच्या मुलाचे आईवडील वेगळे राहतात. आई सांगते, वडिलांच्या हाती त्याला देऊ नका. वडील शाळा सुटताना फाटकात येऊन उभे राहतात. मूल दोघांकडे पाहून रडते. मी काय करावे?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, हा निर्णय तुमच्या एकटीवर येता कामा नये, म्हणून आजच मुख्याध्यापकांना लेखी कळवा. शाळेने दोन्ही पालकांना, लागल्यास वेगवेगळ्या वेळी, बोलावून न्यायालयाचा काही आदेश आहे का, हे विचारावे आणि असल्यास प्रमाणित प्रत घ्यावी. आदेश असेल तर तो जसा आहे तसा पाळावा. नसेल तर कोण बरोबर आणि कोण चूक हे शाळेने ठरवायला जाऊ नये. मुलाला कोणत्या दिवशी कोण नेईल हे दोघांच्या सहीने लिहून घ्यावे आणि तसे लेखी मिळेपर्यंत मुलाला फाटकाशी न ठेवता कार्यालयात बसवून तिथूनच सोपवावे. दोघे एकाच वेळी आले आणि वाद झाला, तर तो मुलापासून दूर, मुख्याध्यापकांच्या खोलीत होऊ द्या.

वर्गात त्याला ‘तुला कोणाकडे जायचे आहे?’ असे विचारू नका. सात वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पेलत नाही, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरले जाते. ‘माझे बाबा’, ‘आमचे घर’ अशा विषयांवर निबंध किंवा चित्र काढायला सांगताना त्याला विषय निवडण्याची मोकळीक द्या, आणि पालकसभेची सूचना दोन प्रतींत पाठवा. मात्र ते मूल दोघांपैकी एकाला पाहून थरथरत असेल, अंगावर खुणा दिसत असतील किंवा घरी जायला भीती वाटते असे ते स्वतःहून सांगत असेल, तर ते पालकांमधले भांडण म्हणून सोडून देऊ नका. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या मार्फत किंवा त्यांनी टाळले तर स्वतः १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवा. हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो.